कुलपाची किल्ली पेटीतच : संगणक जागा कसा होतो, याचा इतिहास



आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून काही जणांनी आधीच विचारले, की तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या माणसाचा बूटलोडर आणि ड्रायव्हर यांच्याशी संबंध काय? आमचे उत्तर असे, की हा प्रश्न मुळात आमच्याच घरातला आहे. अभियंत्यांनी तो गेल्या साठ-सत्तर वर्षांत सोडवला, आमच्या नैयायिकांनी त्याचे नाव कितीतरी आधी ठेवून दिले होते.

आता बघा. संगणकाचे बटण दाबले. प्रोसेसरला वीज मिळाली. पण त्या क्षणी त्याला काहीही आठवत नसते, कारण त्याची मुख्य स्मृती वीज जाताच पुसली जाते. सगळे शहाणपण असते डिस्कवर. डिस्क वाचायची तर तिच्याशी कोणत्या रीतीने बोलायचे हे सांगणारा एक छोटा प्रोग्राम लागतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. आणि हा ड्रायव्हर कुठे ठेवलेला असतो? डिस्कवर! म्हणजे कुलपाची किल्ली पेटीच्या आत. न्यायशास्त्रात याला अन्योन्याश्रय दोष म्हणतात. पहिले दुसऱ्यावाचून सिद्ध होत नाही आणि दुसरे पहिल्यावाचून नाही.

कोणी म्हणेल, ड्रायव्हर दुसरीकडे ठेवा. ठीक आहे, पण तो तिथून कोण उचलणार? त्यासाठी आणखी एक छोटा प्रोग्राम, त्यासाठी आणखी एक. ही झाली अनवस्था. बी आधी की अंकुर आधी, हा बीजांकुर न्याय आपल्याकडे प्रसिद्ध आहे, आणि तिथली अनवस्था दोष मानू नये असेही शास्त्रकार सांगतात. पण अभियंत्याला अनादी काळ उपलब्ध नसतो. त्याला कुठेतरी थांबावे लागते. तो थांबतो एका चिपवर, जिच्यात चार सूचना कायमच्या कोरलेल्या असतात. त्या सूचना उठतात, थोड्या मोठ्या प्रोग्रामला हाक मारतात, तो आणखी मोठ्याला. या मधल्या हाका मारणाऱ्याला बूटलोडर म्हणायचे.

इतिहास आपल्या जवळून सुरू करू. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडलेला टिफ्रॅक हा संगणक १९६० मध्ये रीतसर कामाला लागला. ४० बिटांचे २,०४८ शब्द, एवढी त्याची स्मृती. प्रोग्राम आत जायचा तो भोके पाडलेल्या कागदी फितीवरून. त्या पिढीतल्या जगभरच्या अनेक यंत्रांत पहिल्या काही सूचना माणूसच समोरच्या फलकावरचे खटके वरखाली करून भरत असे. म्हणजे अन्योन्याश्रयाची गाठ तेव्हा माणसाचे बोट सोडवत होते.

१९८१ मध्ये आयबीएमचा पीसी आला आणि बोटाची जागा बायोस नावाच्या चिपने घेतली. बायोसचे काम साधे होते : फ्लॉपीचा पहिला ५१२ बाइटांचा तुकडा स्मृतीत आणायचा आणि ‘आता तू बघ’ म्हणून त्याच्या हाती कारभार द्यायचा. पुढे हार्ड डिस्क आली, तेव्हा त्या तुकड्यात डिस्कच्या वाटण्यांचा तक्ताही बसवला गेला आणि प्रत्यक्ष सूचनांना उरले ४४६ बाइट. तेवढ्या जागेत आमच्या आजच्या भाषणाचा एक परिच्छेदही मावणार नाही.

इथे एक लक्षात घ्या. ज्याने पहिला ड्रायव्हर लिहिला, त्याने भविष्यातल्या डिस्कची कमाल मर्यादाही नकळत लिहून टाकली. बायोस आणि त्या काळची डिस्क यांच्या पत्ते लिहिण्याच्या दोन पद्धती होत्या. दोन्ही एकत्र लावल्या की १,०२४ सिलिंडर, १६ हेड आणि ६३ सेक्टर एवढेच पत्ते दोघांनाही समजत. गुणाकार करा : साधारण ५२ कोटी ८५ लाख बाइट. त्यापेक्षा मोठी डिस्क लावली, तर पुढचा भाग यंत्राला दिसायचाच नाही. ही भिंत पाडली, तर पुढे दुसरी उभी. वाटण्यांचा तो जुना तक्ता ३२ बिटांत पत्ता लिहितो, म्हणून त्याला सुमारे २.२ टेराबाइटपलीकडे जाता येत नाही. ज्ञेय वस्तू मोठी होत गेली, पण ज्ञानाचे साधन तेवढेच राहिले. प्रमाण आणि प्रमेय यांचा हा झगडा आम्ही वर्गात अनेक वर्षे शिकवला. पण त्याचे इतके रोकडे उदाहरण आम्हाला ग्रंथांत सापडले नाही.

लिनक्सच्या जगात याच प्रश्नाला दोन उत्तरे मिळाली. लिलो नावाचा बूटलोडर डिस्कवरच्या जागांचे आकडे पाठ करून ठेवायचा : अमुक तुकड्यावर जा, तिथे मूळ प्रणाली आहे. प्रणालीची नवी प्रत टाकली आणि लिलोला पुन्हा सांगायला विसरलात, की तो जुन्याच पत्त्यावर जाऊन उभा. १९९५ मध्ये सुरू झालेल्या ग्रबने दुसरा मार्ग धरला. त्याने फाइलींची रचनाच वाचायला शिकून घेतले. घोकणे आणि समजणे यांत जो फरक, तोच लिलो आणि ग्रब यांत.

आता आपल्या महाराष्ट्राकडे येऊ. अमेरिकेने अतिप्रगत संगणक देताना हात आखडता घेतला, तेव्हा १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झाली. तिची धुरा डॉ. विजय भटकर यांच्याकडे होती. ते अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूर तालुक्यातल्या मुरंबा गावचे, म्हणजे आपले शेजारी. १९९१ मध्ये ‘परम ८०००’ उभा राहिला. त्यात ट्रान्सप्युटर नावाचे अनेक प्रोसेसर एकमेकांना जोडलेले होते.

या ट्रान्सप्युटरची जागे होण्याची रीत आम्हाला फार विचार करायला लावते. त्याला दोन वाटा होत्या. एक, आपल्या जवळच्या चिपमधून सूचना वाचणे. दुसरी, काहीच न करता शेजाऱ्याची वाट पाहणे. जोडलेल्या कोणत्याही तारेवरून पहिला बाइट आला, की तो म्हणजे येणाऱ्या प्रोग्रामची लांबी, असे तो समजे. तेवढे बाइट स्मृतीत घेई आणि तोच प्रोग्राम चालवू लागे. जागा झाला, की तो पुढच्या शेजाऱ्याला जागे करू शके. म्हणजे त्याला स्वतःची डिस्क नको, डिस्कचा ड्रायव्हरही नको. दाराशी आलेल्या पहिल्या शब्दावर विश्वास ठेवला, की झाले. आमच्या परिभाषेत, प्रत्यक्ष नाही तर शब्दप्रमाण. अर्थात शब्दप्रमाणाला ‘आप्त’ लागतो, म्हणजे ज्याच्या बोलण्यावर भरवसा ठेवावा असा सांगणारा. चुकीच्या शेजाऱ्याने हाक मारली तर काय, हा प्रश्न तिथे उरतोच. आजच्या संगणकांत पहिल्या प्रोग्रामची सही तपासली जाते, ती याच प्रश्नामुळे.

आता मुख्य मुद्दा, आधुनिकीकरणाचा. आपल्या घरचे राउटर, अनेक छोटी यंत्रे, कारखान्यांतले नियंत्रक यांत यू-बूट नावाचा बूटलोडर असतो. वोल्फगांग डेंक या जर्मन अभियंत्याच्या कामातून तो वाढला आणि २००२ पासून त्याला हे नाव मिळाले. तो मुक्त आहे, कोणीही वाचावा, कोणीही बदलावा. त्यामुळे शेकडो प्रकारच्या बोर्डांसाठी शेकडो लोकांनी आपापले ड्रायव्हर त्यात घातले. आणि जे वाड्यात होते ते तिथेही झाले. जो तो आपली भिंत आपल्या सोयीने बांधून मोकळा. साटा डिस्कसाठी दोन वेगवेगळे ड्रायव्हर, पण दोघांतल्या कामांची नावे अगदी एकच. मग दोन्ही एका वेळी घरात नांदू शकत नसत. एकाला आत घेतले, की दुसऱ्याला बाहेर ठेवावे लागे.

२०१४ पासून सायमन ग्लास आणि इतरांनी यू-बूटमध्ये एक सामायिक रचना आणली. तिला ड्रायव्हर मॉडेल म्हणतात. साठवणीच्या उपकरणांसाठी तिचा भाग २०१६ च्या सुमारास आला. कल्पना अशी, की मेमरी कार्ड असो, साटा असो की यूएसबी, वरच्या प्रोग्रामने फक्त म्हणायचे : ‘इतक्या क्रमांकापासून इतके तुकडे दे.’ आत काय भाषा बोलायची ते ज्याचे त्याने पाहावे. शिवाय दोन पायऱ्या वेगळ्या केल्या. आधी उपकरणाची फक्त नोंद करायची, आणि प्रत्यक्ष गरज पडेल तेव्हाच त्याला जागे करायचे. असणे वेगळे आणि वापरात येणे वेगळे. यामुळे यंत्र लवकर सुरू होते, एकाच बोर्डवर दोन तऱ्हेच्या डिस्क सुखाने नांदतात, आणि एका जागी केलेली दुरुस्ती सगळ्यांना मिळते.

पण फुकट काही मिळत नाही. सामायिक रचना जागा जास्त खाते, आणि यंत्र जागे होताना पहिल्या टप्प्यावर कित्येकदा काही किलोबाइटचीच जागा असते. दुसरे म्हणजे मुदत. मेमरी कार्ड, यूएसबी, साटा यांच्या जुन्या ड्रायव्हरसाठी २०१९ सालातल्या आवृत्त्यांची मुदत जाहीर झाली. जे बोर्ड बदलले नव्हते, त्यांचा प्रोग्राम बांधताना पडद्यावर इशारा येई : बदला, नाहीतर हा बोर्ड काढला जाऊ शकतो. अनेक जुने बोर्ड खरोखरच गळाले. लिनक्सच्या गाभ्यातही असेच घडले. आयडीई डिस्कचा जुना विभाग २०२१ मध्ये काढला गेला. त्याचे काम त्याआधीच दुसऱ्या, नव्या विभागाकडे गेले होते.

आता यवतमाळात बसून याचा विचार करू. आपल्याकडे यंत्र मोडीत निघत नाही, ते हात बदलते. मुंबई-पुण्याच्या कंपनीतून निघालेला संगणक आपल्याकडे शाळेत येतो, तिथून दारव्ह्याच्या किंवा पुसदच्या छोट्या दुकानात जातो. जुन्या यंत्रात नवी साटा एसएसडी घातली, तर ते पुन्हा पळू लागते, कारण तिची भाषा जुन्या बायोसला कळते. एनव्हीएमई जातीची डिस्क घातली, तर बहुतेक जुनी यंत्रे तिच्यावरून सुरूच होत नाहीत. मग आपला दुरुस्तीवाला एक युक्ती करतो. पेनड्राइव्हवर छोटा बूटलोडर ठेवतो. तो आधी उठतो आणि एनव्हीएमईला उठवतो. त्या पोराने न्यायसूत्रे वाचलेली नाहीत, पण अन्योन्याश्रय तो रोज सोडवतो.

उलट बाजूही आहे. एका संस्थेचे वीस वर्षांचे हिशेब एका आयडीई डिस्कवर होते. डिस्क ठणठणीत, पण तो जुना संगणक गेला आणि नव्या संगणकात तिची वायर लावायची खाचच नाही. हिशेब आहेत, पण वाचता येत नाहीत. अशा वेळी आम्हाला शकुंतला आठवते. मूर्तिजापूर-यवतमाळ ही ७६२ मिलिमीटर रुंदीची अरुंद लाइन आपल्या कापसासाठी आली. मूर्तिजापूरला मोठी लाइन १,६७६ मिलिमीटरची. गाठ पडली तरी डबा तसाच पुढे जात नसे, माल उतरवून पुन्हा चढवावा लागे. दोन रुंदींच्या मधे उभा राहून माल इकडून तिकडे देणारा हमाल, तोच ड्रायव्हर. २०२४ मध्ये वर्धा ते कळंब ही रुंद लाइन सुरू झाली, आनंदाची गोष्ट आहे. पण कारंजा-दारव्ह्याच्या माणसाला विचारा. नवी लाइन दुसऱ्या वाटेने गेली आणि जुनी बंद पडली, तर ‘आधुनिकीकरण’ हा शब्द त्याच्या कानाला कसा लागतो?

म्हणून आधुनिकीकरण नको, असे आम्ही म्हणत नाही. तीच नावे दोन ठिकाणी वापरणारी, एकमेकांना घराबाहेर ठेवणारी जुनी रचना टिकवण्यात शहाणपण नव्हते. शिवाय काढलेला ड्रायव्हर नष्ट होत नाही. यू-बूटचा सगळा इतिहास जपलेला आहे, कोणीही जुनी आवृत्ती काढून वाचू शकतो. मग हरवते काय? हरवतो तो राखणदार. २०१९ मध्ये लिनक्समधल्या फ्लॉपीच्या ड्रायव्हरला अनाथ ठरवण्यात आले. कारण एवढेच, की त्याची देखभाल करणाऱ्याकडे चालू स्थितीतले फ्लॉपीचे यंत्र उरले नव्हते. कोड होता. तपासून ‘चालते’ असे सांगणारा माणूस नव्हता. प्रत्यक्षावाचून शब्द किती दिवस आप्त राहणार?

आणि इथे आपल्या जिल्ह्याकडे काही आहे, जे मोठ्या शहरांत उरलेले नाही. जुनी, चालती यंत्रे. आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या दोन-चार मुलांनी एक कपाट मिळवावे, त्यात जुने बोर्ड, आयडीई डिस्क, फ्लॉपीचे खण, जोडण्याच्या वायरी ठेवाव्यात, आणि दर सहा महिन्यांनी नवा बूटलोडर त्यांच्यावर चालवून पाहावा. चालला तर तसे कळवावे. नाही चालला, तर का नाही ते लिहून कळवावे. याला मोठा निधी लागत नाही. आणि ज्या संस्थांचे हिशेब, जमिनीचे कागद, छापखान्यांच्या फाइली जुन्या डिस्कवर आहेत, त्यांनी ती डिस्क वाचणारे यंत्र चालू आहे तोवरच नक्कल काढून घ्यावी. शेतात पीक उभे असते तेव्हाच राखण करायची असते, नाही का?

आता प्रश्न विचारा. तांत्रिक प्रश्नांसाठी आमच्या शेजारी दोन तरुण बसले आहेत. अनवस्थेचे आम्ही पाहू.