भायखळ्यातील आठ माणसे आणि एक चिमणी

१/ १५ सप्टेंबर १८८३. भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात, म्हणजे आजच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात, मुंबईचे आठ रहिवासी जमले. निसर्गातील निरीक्षणांची देवाणघेवाण करावी आणि जमवलेले नमुने एकमेकांना दाखवावेत, एवढाच हेतू होता. त्या बैठकीतून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी जन्माला आली.

२/ आठांपैकी दोघे भारतीय होते. डॉ. आत्माराम पांडुरंग हे प्रार्थना समाजाच्या संस्थापकांपैकी एक. डॉ. सखाराम अर्जुन हे वैद्य आणि वनस्पतींचे अभ्यासक. पुढे बालविवाहाविरुद्ध न्यायालयात लढलेल्या रखमाबाईंचे सावत्र वडील. समाजसुधारणा आणि निसर्गाभ्यास या दोन्ही वाटा तेव्हा एकाच अंगणातून जात होत्या.

३/ संस्थेला स्वतःची जागा नव्हती. एच. एम. फिप्सन या मद्यव्यापाऱ्याने १८८४ मध्ये फोर्ब्स स्ट्रीटवरील आपल्या दुकानातील खोली दिली. १८८६ मध्ये संस्थेचे नियतकालिक निघाले. सैन्याधिकारी, डॉक्टर, सरकारी नोकर असे हौशी सदस्य आपापल्या मुलुखातील नोंदी त्यात लिहीत.

४/ मात्र या इतिहासाला दुसरी बाजूही आहे. यांतील अनेक जण शिकारी होते आणि ‘नमुना’ म्हणजे बहुधा मारलेला प्राणी. १९११ ते १९२३ या काळातील सस्तन प्राण्यांच्या सर्वेक्षणात सुमारे २५,००० नमुने गोळा झाले. ज्ञान वाढले, पण त्याची किंमत प्राण्यांनी मोजली.

५/ १९०८ मध्ये एका मुलाने छर्‍याच्या बंदुकीने चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ही कोणती चिमणी, हे विचारायला मामांची चिठ्ठी घेऊन तो सोसायटीत गेला. सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांनी त्याला हाकलले नाही. पक्षी ओळखून दिला, संग्रह दाखवला, वाचायला पुस्तके दिली. त्या मुलाचे नाव सालिम अली.

६/ पुढे पक्षिशास्त्राला आयुष्य वाहिलेल्या सालिम अलींनी भरतपूरची पाणथळ जागा आणि केरळातील सायलेंट व्हॅलीचे अरण्य वाचावे म्हणून आपले वजन खर्ची घातले. नमुने जमवणारी संस्थाही हळूहळू अधिवास राखण्याकडे वळली. कोणता प्राणी पूर्वी कुठे आढळत असे, हे जुन्या नोंदींवरून कळते. म्हणूनच काय हरवले, हेही सांगता येते.

७/ या घडामोडीचे मर्म मिलार्ड यांच्या त्या दिवशीच्या वागण्यात आहे. पहिल्या आठांपैकी कोणालाही पुढचे शतक दिसत नव्हते; त्यांनी फक्त नोंद ठेवण्याची शिस्त लावली आणि दार उघडे ठेवले. आज गावोगावचे पक्षिमित्र आणि वृक्षप्रेमी तारीख, ठिकाण आणि निरीक्षण वहीत उतरवतात, तेव्हा ते हीच परंपरा चालवतात. फरक एवढाच की आता बंदुकीची जागा दुर्बिणीने घेतली आहे.