बुंद

माझी आजी प्यायच्या कॉफीला कॉफीच म्हणे, पण तिच्या कच्च्या दाण्यांना मात्र ‘बुंद’. आमची शिवाजी पेठ तालमींची. गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हशीचे धारोष्ण दूध पिऊन दंड थोपटणारी. अशा पेठेत कॉफी ही आजाऱ्याची, नाहीतर पाहुण्याची. आजोबांना मात्र ती रोज लागे, आणि आजी दर आठवड्याला मूठ-दोन मुठी बुंद कढईत भाजत असे.

हे सारे आठवले ते वर्गात. ‘चहा-कॉफी इंग्रजांनी आणली’ असे मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो. गेल्या वर्षी तेच लिहिता लिहिता आजीचा शब्द आठवला आणि खडू थांबला. इंग्रजांनी आणलेल्या वस्तूला हे असले नाव कसे? अरबी भाषेत या दाण्याला ‘बुन्न’ म्हणतात. येमेनच्या मोखा बंदराशी सुरतेचा जुना व्यापार. टॉमस रो या इंग्रज वकिलाचा पाद्री एडवर्ड टेरी १६१७ च्या सुमारास जहांगिराच्या छावणीत होता. दारूला न शिवणारी धर्मनिष्ठ माणसे एक काळे बी पाण्यात उकळून पितात, हे त्याने लिहून ठेवले आहे. म्हणजे इंग्रज वकील दरबारात उभा होता तेव्हाच इथे कॉफी उकळत होती! सात दाणे लपवून आणून चिकमगळूरच्या डोंगरात लावणाऱ्या बाबा बुडन यांची कथाही त्याच शतकातली मानतात. इंग्रजांनी मोठे मळे केले, ते एकोणिसाव्या शतकात. पुढे आमच्या शाहू महाराजांनीही पन्हाळ्याच्या बाजूला चहा-कॉफीच्या लागवडीचे प्रयोग केले. मी फळा पुसला आणि मुलांची माफी मागितली. मॅट्रिक झालेल्या मास्तराला इतिहास असा स्वयंपाकघरातून शिकावा लागतो!

यंदा एका मित्राने चिखलदऱ्याचे अर्धा किलो कच्चे दाणे आणून दिले. हिरवट, दगडासारखे कडक, वास वाळल्या गवताचा. कच्चे दाणे महिनोन्महिने टिकतात. भाजले की काही आठवड्यांत सुगंध उतरतो, दळले की त्याहून लवकर. आजी आठवड्यापुरतेच का भाजे, ते आत्ता कळले.

कढईत दाणे पिवळे झाले, मग तांबूस, मग लाह्यांसारखे तडतडू लागले. मी आपला धुराची वाट पाहत राहिलो. उतरवले तोवर कोळसा झाला होता. शेजारच्या वहिनींनी खिडकीतून विचारले, “मास्तर, शेंगदाणं करपलं काय वो?”

तेव्हा आजीचे बोल आठवले : “धूर दिसला की उशीर झाला. त्येच्या अदुगर सुपात वत.” कढई उतरवली तरी दाणा आतल्या आत भाजतच राहतो. म्हणून ती तो लगेच सुपात ओतून पाखडी. दाणाही निवे आणि कोंडाही उडे.

दुसरा घाणा साधला. दूध-साखर घालून कप आईपुढे ठेवला. तिने वास घेतला, एक घोट घेतला, बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “जायफळ विसरलास.”