डेशॉन वॉटसन करार
डेशॉन वॉटसन करार हा अमेरिकन फुटबॉलमधील क्लीव्हलँड ब्राउन्स या संघाने मार्च २०२२ मध्ये क्वार्टरबॅक डेशॉन वॉटसन याच्याशी केलेला ५ वर्षांचा करार होय. त्यातील २३ कोटी डॉलरची संपूर्ण रक्कम हमीची होती. नॅशनल फुटबॉल लीगमध्ये तोवर एवढी हमी कोणालाही मिळालेली नव्हती. त्याला मिळवण्यासाठी ब्राउन्सने ह्यूस्टन टेक्सन्स संघाला पहिल्या फेरीतील ३ निवडहक्कही दिले.

त्या वेळी वॉटसनविरुद्ध लैंगिक गैरवर्तनाचे २० हून अधिक दिवाणी दावे प्रलंबित होते. दावेदार स्त्रियांपैकी बहुतेक मसाज-व्यवसायातील होत्या. वॉटसनने आरोप नाकारले. टेक्सासमधील दोन ग्रँड ज्युरींनीही फौजदारी आरोप ठेवले नाहीत. अर्थात, त्यामुळे दिवाणी दाव्यांचा निकाल लागत नव्हता.

करारातील एक तपशील मात्र बोलका आहे. पहिल्या वर्षाचे मूळ वेतन सुमारे १० लाख डॉलर एवढेच होते. निलंबनकाळात कपात होते ती मूळ वेतनातून, त्यामुळे शिक्षेची आर्थिक झळ आधीच सौम्य झाली होती. ऑगस्टमध्ये निवृत्त न्यायाधीश स्यू रॉबिन्सन यांनी ६ सामन्यांचे निलंबन ठरवले. लीगने त्यावर अपील केले आणि अखेर तडजोडीने ११ सामन्यांचे निलंबन व ५० लाख डॉलर दंड निश्चित झाला.