कुत्र्याच्या बिस्किटाची गोष्ट: लंडनच्या गोदीपासून आपल्या ओव्हनपर्यंत

ज्यांना कानात इअरफोन घालण्यापेक्षा वाचणं बरं वाटतं, त्यांच्यासाठी हा या भागाचा मजकूर. बोललो तसाच ठेवलाय, मधले "म्हणजे" आणि "ॲक्च्युअली" तेवढे उडवलेत.

विषय ऐकून आमच्या मातोश्री म्हणाल्या, "कुत्र्याच्या बिस्किटाला कसला आलाय इतिहास?" आहे. आणि चांगला मसालेदार आहे. सध्या रील्समध्ये बघा, कोणी नाचणीची हाडकाच्या आकाराची बिस्किटं भाजतंय, कोणी भोपळ्याचे कपकेक करतंय. खाली कमेंट ठरलेली: "काय ही नवीन थेरं! आमच्या वेळी कुत्री शिळी भाकरी खायची." गंमत अशी की ही कमेंट करणारा आणि ते बिस्किट भाजणारी, दोघं एकाच बाजूला आहेत. कुत्र्यासाठी घरी काहीतरी भाजणं हे हजारो वर्षांचं काम आहे. नवीन आहे ते दुकानातलं पाकीट. त्याचं वय जेमतेम एकशे साठ-पासष्ट वर्षं.

आधी जुनं बघू. पहिल्या शतकात कोलुमेला नावाच्या रोमन लेखकानं शेतीवर मोठा ग्रंथ लिहिला. त्यात राखणीच्या कुत्र्यांना काय घालावं हेही आहे. जिथे गुरं आहेत तिथे जवाचं पीठ आणि दूध फाटल्यावर उरतं ते पाणी. जिथे नुसते द्राक्षमळे आहेत, दूधदुभतं नाही, तिथे गव्हाची भाकरी आणि कडधान्य शिजवलेलं पाणी. पण कोमट हं, कढत दिलं तर कुत्रं पिसाळतं, असं तो बजावतो. पिसाळण्याचं कारण साफ चूक आहे, पण कोमट द्यायचा सल्ला आजही चालेल. आता मला सांगा, ताकात कुस्करलेली ज्वारीची भाकरी दारातल्या मोत्यासमोर ठेवणारी आपली आजी आणि हा रोमन माणूस, फरक किती? फक्त धान्याचा.

हे नुसतं गरिबीतून आलेलं नाही, कुत्र्याच्या शरीरातही त्याची नोंद आहे. २०१३ साली स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाच्या संशोधकांनी लांडगा आणि कुत्रा यांचे जीन्स ताडून पाहिले. पिष्टमय पदार्थ पचवणारं एक एन्झाइम असतं, अमायलेज. त्याच्या जीनच्या लांडग्यात दोन प्रती, आणि कुत्र्यांत चारपासून तीसपर्यंत. म्हणजे माणूस शेती करायला लागला, धान्य खायला लागला, आणि त्याच्या उंबऱ्याशी बसून बसून कुत्राही भाकरी पचवायला शिकला. "कुत्रा म्हणजे छोटा लांडगा, त्याला फक्त कच्चं मांस घाला" असं कोणी छातीठोकपणे सांगितलं, तर हा आकडा त्याला पाठवा.

आता लंडनला जाऊ. साल १८६० च्या आसपास. जेम्स स्प्रॅट नावाचा अमेरिकन माणूस तिथे वीजरोधक विकायला आलेला, म्हणजे पडणाऱ्या विजेनं इमारतीचं नुकसान होऊ नये म्हणून लावतात ती दांडी. गोष्ट अशी सांगतात की गोदीत खलाशी जुनी, टणक जहाजी बिस्किटं कुत्र्यांपुढे टाकत होते आणि कुत्री ती फस्त करत होती, हे त्यानं पाहिलं. प्रसंग नेमका असाच घडला का, देव जाणे. उद्योजकांच्या जन्मकथा मी थोड्या मीठ लावूनच ऐकतो. पण त्या बिस्किटाबद्दल सांगायलाच हवं. पीठ, पाणी, कधी मीठ, बस. बिस्किट शब्दाचा मूळ अर्थच दोनदा भाजलेलं. जहाजावर महिनोन्महिने टिकायचं तर त्यात पाणी उरता कामा नये, कारण बुरशीला ओल लागते. म्हणून ते दगडासारखं होईपर्यंत वाळवायचं. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी पावसाळ्यात उपयोगी पडणार आहे.

स्प्रॅटनं गव्हाचं पीठ, भाज्या, बीट आणि वाळवलेलं मांस मिसळून वड्या केल्या आणि नाव दिलं "मीट फायब्रिन डॉग केक्स". नाव ऐकूनच वाटतं ना, काहीतरी वैज्ञानिक आहे? तोच हेतू होता. मांस नेमकं कुठून येतं, हे मात्र त्यानं गुपित ठेवलं.

हे विकत कोण घेणार? साध्या माणसाचं कुत्रं घरातलं उरलंसुरलं खात होतं. स्प्रॅटचं गिऱ्हाईक होतं इंग्लंडमधला जमीनदार, शिकारी कुत्र्यांची फौज पाळणारा. तिथे आधी रोज मोठ्या कढईत ओटचं पीठ आणि घोड्याचं मांस शिजवायला माणूस ठेवावा लागायचा. त्या सगळ्या खटाटोपाऐवजी पोतं उघडा आणि घाला. म्हणजे विकली जात होती ती सोय. त्यातच १८५९ मध्ये न्यूकॅसलला कुत्र्यांचं पहिलं रीतसर प्रदर्शन भरलं, १८७३ मध्ये केनेल क्लब निघाला, आणि जातिवंत कुत्रं ही प्रतिष्ठेची वस्तू झाली. प्रतिष्ठेच्या वस्तूला शिळंपाकं कसं घालणार?

इथे एक पोऱ्या येतो, चार्ल्स क्रफ्ट. बाप सोनार, पण या गड्यानं पेढी सोडून स्प्रॅटच्या दुकानात नोकरी धरली. गावोगावच्या जहागिरींत डॉग केक विकता विकता त्याची सगळ्या कुत्रेवाल्यांशी ओळख झाली. १८९१ मध्ये त्यानं लंडनमध्ये स्वतःच्या नावानं प्रदर्शन भरवलं. तेच आजचं जगप्रसिद्ध क्रफ्ट्स. आणि असं सांगतात की या माणसाच्या घरी कुत्रं नव्हतंच, मांजर होती. मला हा तपशील फार आवडतो. कुत्र्यांच्या खाद्याचा धंदा उभा करायला कुत्र्यांवर प्रेम असावं लागतं असं नाही, कुत्र्यांवर प्रेम करणाऱ्यांची नस कळली की पुरे.

पुढचं भराभर सांगतो. १९०८ मध्ये न्यूयॉर्कच्या एका बिस्किट कंपनीनं हाडकाच्या आकाराचं बिस्किट काढलं, तेच मिल्क-बोन. म्हणजे आज रीलमध्ये दिसणारा तो हाडकाचा साचा हीसुद्धा जुनी जाहिरातच. १९२२ मध्ये अमेरिकेत डब्यातलं घोड्याचं मांस आलं. दुसऱ्या महायुद्धात पत्रा लढाईसाठी लागला, डबे बंद झाले, कोरडं खाद्य पुन्हा वर आलं. १९५० च्या दशकात फुगवलेले कुरकुरीत दाणे आले, कुरमुऱ्याच्या भावकीतलेच म्हणा. आणि साठच्या दशकात तिथल्या पेट फूड कंपन्यांच्या संघटनेनं जोरात सांगायला सुरुवात केली की ताटातलं उरलेलं कुत्र्याला घालू नका. हा सल्ला पूर्ण खोटा नव्हता, त्यावर येतोच. पण सांगणारा कोण आणि त्याला काय विकायचंय, हे बघायला नको? दोन हजार वर्षं जे जेवण होतं ते एका पिढीत "स्क्रॅप्स" झालं.

मग आलं २००७. मार्च महिन्यात उत्तर अमेरिकेतल्या मेनू फूड्स या कंपनीनं सुमारे सहा कोटी डबे आणि पाउच बाजारातून परत मागवले. कुत्री-मांजरं किडनी निकामी होऊन मरत होती. ही कंपनी कितीतरी ब्रँडना माल बनवून द्यायची. म्हणजे स्वस्त डबा आणि महाग डबा, दोन्ही एकाच कारखान्यातून. चीनहून आलेल्या गव्हाच्या प्रथिनात मेलामाइन सापडलं. हो, तेच, ज्याच्या न फुटणाऱ्या प्लेट्स आपल्या घरात असतात.

का घातलं? इथे माझ्यातला इंजिनिअर जागा होतो. खाद्यात प्रोटीन किती, हे थेट मोजत नव्हते. क्येल्डाल नावाच्या डॅनिश रसायनशास्त्रज्ञानं १८८३ मध्ये शोधलेली पद्धत वापरायचे. ती नायट्रोजन मोजते आणि त्यावरून प्रोटीनचा अंदाज काढते. मेलामाइनच्या वजनातला दोन तृतीयांश भाग नायट्रोजन! चिमूटभर घातलं की निकृष्ट पीठसुद्धा रिपोर्टवर भारी दिसतं. आमच्या धंद्यात असं असतं, प्रोग्राम चालो न चालो, टेस्ट हिरवी दिसली पाहिजे. फक्त इथे टेस्टच्या पलीकडे जिवंत प्राणी होता. मेलामाइन आणि त्याच्यासोबतचं सायन्युरिक ॲसिड मिळून किडनीत खडे बनवत होतं. पुढच्याच वर्षी चीनमध्ये हीच लबाडी बाळांच्या दूध पावडरीत उघड झाली. सहा बाळं दगावली, सुमारे तीन लाख आजारी पडली. कुत्र्यांनी आधीच इशारा दिला होता, असं म्हणायला हरकत नाही.

२००७ नंतर तिकडे पुष्कळ लोक कुत्र्यांसाठी घरी शिजवायला लागले. पाकिटावरचा विश्वास उडाला होता. पण घरचं म्हणजे आपोआप चांगलं, हेही तितकंच भाबडं. २०१३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथल्या विद्यापीठानं पुस्तकांत आणि इंटरनेटवर मिळणाऱ्या, घरी करायच्या २०० डॉग फूड रेसिपी तपासल्या. ९५ टक्के रेसिपींत किमान एक तरी आवश्यक घटक कमी पडत होता. त्यातल्या काही खुद्द पशुवैद्यांनी लिहिलेल्या. म्हणून माझं सरळ मत: रोजचं पूर्ण जेवण घरी करायचं असेल तर डॉक्टरांकडून आखून घ्या. खाऊ मात्र खुशाल घरी भाजा, दिवसाच्या एकूण कॅलरींच्या दहा टक्क्यांच्या आत. एवढ्यात पोषणाचं गणित बिघडत नाही. बिघडतं ते विषारी काही गेलं तर.

आणि इथे आजीच्या भाकरीचीही तपासणी करू. भाकरीत खोट नाही, खोट रश्श्यात आहे. कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फोडतात, शिजवले तरीही. लक्षणं दिसायला काही दिवस लागतात, म्हणून "आमचा तर कायम खातो, काही होत नाही" हे वाक्य जन्माला येतं. चंपाषष्ठीला खंडोबाला वांग्याचं भरीत, रोडगा आणि पातीचा कांदा-लसूण असा नैवेद्य असतो, आणि देवाच्या कुत्र्यालाही त्यातला वाटा देतात. किती सुंदर प्रथा आहे ही! कुत्र्याला देवाच्या पंगतीत बसवणारी. फक्त त्याच्या वाट्याला रोडगा द्या, कांद्याचं भरीत तुम्ही खा. देव काही रागावणार नाही.

मनुका, द्राक्षं तर अजिबात नाही, किडनी जाते. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या पशुवैद्यकांनी यामागे टार्टारिक ॲसिड असावं असं मांडलं. आता हे ॲसिड आपल्या स्वयंपाकघरात भरपूर कशात असतं? चिंचेत. म्हणून आमटी-भातही नको. चॉकलेट नको हे बहुतेकांना माहीत असतं. शुगर-फ्री पीनट बटरच्या बरणीवर झायलिटॉल लिहिलंय का ते बघा. माणसाला ते चालतं, कुत्र्याची साखर मात्र झपाट्यानं कोसळवतं. आणि चहाबरोबर एक तुम्हाला, एक त्याला असं जे गोड ग्लुकोज बिस्किट आपण सगळे देतो, ते विष नाही, पण त्यात साखर आणि मैद्याशिवाय फारसं काही नाही.

बरं, करायचं काय? आमच्या भुरीसाठी मी करतो ते सांगतो. दोन वाट्या ज्वारीचं पीठ, ताजं दळलेलं. जुन्या पिठाची विरी गेलेली असते, मग बिस्किटाचा भुगा होतो. अर्धी वाटी लाल भोपळा, उकडून कुस्करलेला. एक अंडं. भाजलेल्या दाण्यांचा कूट दोन चमचे, बिनमिठाचा. लागेल तसं गरम पाणी, भाकरीला घेतो तसं. मीठ, साखर, गूळ, सोडा काही नाही. पाव इंच जाड लाटून तुकडे कापा, १६० अंशांवर २५ ते ३० मिनिटं भाजा. मग ओव्हन बंद करून दार किंचित उघडं ठेवा आणि तुकडे आतच गार होऊ द्या. ओव्हन नसेल तर मंद आचेवर तवा, वर झाकण, सारखं उलटत राहायचं. जरा वेळ लागतो. पहिल्यांदा देताना एकच तुकडा द्या आणि दोन दिवस पोट बघा. अंडं किंवा दाणे काहींना झेपत नाहीत.

आता ते जहाजी बिस्किट आठवा. तुकडा मोडल्यावर कट्कन आवाज आला तर डब्यात आठवडाभर राहील. वाकला, मऊ लागला, तर ओल उरलीय, पुन्हा ओव्हनमध्ये. जून ते सप्टेंबर पुण्या-मुंबईत तर डब्याच्या भरवशावर राहूच नका, फ्रीजरमध्ये टाका. बुरशीचा एक ठिपका दिसला तरी सगळा घाणा फेकायचा, वरवरचं खरवडून द्यायचं नाही.

पुढच्या भागात जहाजावरच राहू. बिस्किट खाऊन खाऊन खलाशांच्या हिरड्यांतून रक्त का यायचं आणि त्यांना लिंबू कोणी दिलं, ते बघू. तोवर तुमच्या घरच्या मोत्या-भुरीला काय आवडतं, ते मला व्हॉइस नोट करून पाठवा. भुंकणं ऐकू आलं तरी चालेल.