डोळ्यापुढची काच

दुर्बिणीचे काम प्रकाश गोळा करण्याचे, हे शाळेतले मूलही सांगेल. तीन इंची भिंगाची साधी दुर्बीणसुद्धा अंधारात पाच मिलिमीटर रुंदावलेल्या डोळ्याच्या बाहुलीपेक्षा सव्वादोनशे पटींच्या आसपास प्रकाश गोळा करते. मग एवढ्या खटाटोपाने गोळा केलेला प्रकाश नेत्रिकेवर रंगीत काच बसवून पुन्हा कमी का करावयाचा? प्रश्न वरवर उफराटा वाटतो. परंतु प्रकाश निवडून घेण्याच्या या विद्येने आकाशाचे जे ज्ञान दिले ते थोडेथोडके नाही, आणि त्या इतिहासाची दोन पाने आपल्या सोलापूरच्या आसपासच लिहिली गेली आहेत.

प्रारंभ अर्थातच सूर्यापासून झाला. गॅलिलिओने सूर्यावरील डाग अभ्यासले ते त्याचा शिष्य कास्तेली याने सुचविलेल्या रीतीने, दुर्बिणीतून येणारी प्रतिमा कागदावर पाडून. त्याच्याशी वाद घालणारा जर्मन पाद्री शायनर रंगीत काचा वापरीत असे. पुढे १८०० साली विल्यम हर्शेल सूर्य पाहण्यासाठी निरनिराळ्या रंगांच्या काचा लावून बघत होता. त्याच्या ध्यानात आले की, काही काचांतून प्रकाश फारसा येत नाही, पण डोळ्याला धग लागते. काहींतून प्रकाश भरपूर येतो, पण धग जाणवत नाही. एवढ्याशा निरीक्षणावरून त्याने लोलक आणि तापमापक हाती घेतले आणि तांबड्या रंगापलीकडेही न दिसणारे, उष्णता देणारे किरण आहेत हे सिद्ध केले. त्यांनाच आपण आज अवरक्त किरण म्हणतो. काळी काच डोळ्यांना वाचवीलच असे नाही, हा धडाही त्यातच होता.

या हर्शेलचा नातू, लेफ्टनंट जॉन हर्शेल, १८ ऑगस्ट १८६८ रोजी पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात सूर्यग्रहण पाहण्यासाठी येऊन बसला होता. आजोबांनी रंगीत काचा वापरल्या. नातवाजवळ वर्णपटदर्शक होता. रंगीत काच प्रकाशातील काही रंग अडविते, तर वर्णपटदर्शक सगळे रंग ओळीने उलगडून दाखवितो. श्रावणातले ढग आड येत होते. तरीही खग्रासाच्या मोजक्या क्षणांत सूर्याच्या काठावरून उसळणाऱ्या ज्वाळांच्या प्रकाशात त्याला तीन तेजस्वी रेषा दिसल्या: तांबडी, नारिंगी आणि निळी. त्याच ग्रहणात गुंटूर येथे झान्सेन या फ्रेंच शास्त्रज्ञालाही अशा रेषा दिसल्या, आणि दुसऱ्या दिवशी ग्रहण नसतानाही त्याने त्या ज्वाळा पाहून दाखविल्या. तांबडी व निळी रेषा हायड्रोजनची ठरली. नारिंगीकडे झुकणाऱ्या पिवळ्या रेषेचा धनी मात्र पृथ्वीवर सापडेना. पुढे त्याला हेलियम हे नाव मिळाले, आणि रॅम्झेने १८९५ साली तो वायू प्रयोगशाळेत मिळविला.

दुसरे पान तर आपल्याच जिल्ह्यातले. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी करमाळा तालुक्यातील जेऊर येथे अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्बेल चाळीस फूट नाभीय अंतराचा कॅमेरा घेऊन उतरले होते. पुण्याच्या सायन्स कॉलेजातील प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगामवाला यांनीही तेथेच तळ दिला होता. खग्रास अवस्था सुमारे दोन मिनिटांची. तेवढा वेळ काळी काच दूर करावयाची, कारण सूर्याचे प्रभामंडल पौर्णिमेच्या चंद्राइतकेच तेजस्वी असते; आणि सूर्याचा पहिला कण डोकावण्यापूर्वी ती पुन्हा चढवावयाची. काच केव्हा काढावी आणि केव्हा लावावी, हेही शास्त्रच आहे.

पुढे दुर्बीण हौशी माणसाच्या हाती आली. पुण्यात १९४४ साली ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली, आणि गच्चीवरून ग्रह पाहणाऱ्यांना सोबत मिळाली. या मंडळींच्या पेटीतील रंगीत काचांवर फ्रेडरिक रॅटन या इंग्रज गृहस्थाच्या नावाने चालत आलेले क्रमांक असतात. रंगविलेल्या सुताचा कस उजेड पाहून ठरतो, हे चादरींच्या या गावाला सांगावयास नको. तीच गोष्ट ग्रहांची. नारिंगी काचेतून मंगळाचे तांबूस प्रदेश उजळतात आणि काळसर डाग उठून दिसतात. फिक्या निळ्या काचेतून गुरूचे तपकिरी पट्टे गडद होतात. काच नवे काही निर्माण करीत नाही; फरक तेवढा स्पष्ट करिते. लहान दुर्बिणीला मात्र फिक्याच काचा मानवतात. गडद काचेने ग्रहच विझल्यासारखा होतो.

परंतु ग्रहांना जे चालते ते सूर्याला चालत नाही. स्वस्त दुर्बिणींबरोबर नेत्रिकेवर बसवावयाची एक काळी काच सूर्यासाठी म्हणून मिळत असे. जुन्या पेट्यांतून ती अजूनही निघते. सगळे भिंग सूर्याचे ऊन एकवटून नेमके तिच्याजवळ आणून सोडते. ती तापते आणि अवचित तडकते. मागे असतो तो आपला, नाही तर आपल्या मुलाचा डोळा. दृष्टिपटलाला वेदना कळत नाही, त्यामुळे भाजल्याचे ध्यानात येईपर्यंत वेळ टळलेली असते. म्हणून सूर्यासाठीची गाळणी दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर, भिंगाच्याही आधी, घट्ट बसवावी. ती प्रकाशाचा एक लक्षांशाच्या आसपासच भाग आत येऊ देते. ती नसेल तर कास्तेलीचा कागद आहेच. मात्र तेव्हाही नेत्रिकेला डोळा लावू नये आणि दुर्बिणीजवळून हलू नये.

१६ फेब्रुवारी १९८० रोजी खग्रास ग्रहणाचा पट्टा आपल्या दक्षिणेकडून, कारवार-रायचूरच्या बाजूने गेला, तेव्हा भीतीपोटी अनेकांनी दारे लावून घेतली. २ ऑगस्ट २०२७ रोजी आपल्याकडे खंडग्रास ग्रहण आहे. दिवस पावसाळ्याचे, तरी ढगांनी वाट दिली तर ते दिसेल. त्या दिवशी दारे लावण्याचे कारण नाही, आणि सापडेल ती काच डोळ्याला लावण्याचेही नाही. जमखंडी आणि जेऊरला लोक सातासमुद्रापलीकडून आले ते योग्य साधनाने पाहण्यासाठी. आपल्याला तर गच्चीपर्यंतच जावयाचे आहे. फक्त काच दुर्बिणीच्या कोणत्या टोकाला लावावयाची, एवढे मुलांना आधी सांगून ठेवावे.