खिडकीची दुहेरी काच : कोठे, कोणती, कशी?

कडोदरा परिसरातील आपल्या अनेक कुटुंबांचे एक घर इथे, दुसरे खानदेशात आणि मुले थंड देशात असतात. तिन्हीकडे एकच काच चालत नाही. चुकीची निवडली तर खर्च वाया जातो.

रचना
दोन काचांमध्ये साधारण 12 मिलिमीटर कोरडी हवा सीलबंद असते. आतबाहेर एका अंशाचा फरक असताना एकेरी काचेतून दर चौरस मीटरला सुमारे 5.7 वॅट उष्णता जाते, दुहेरीतून सुमारे 2.8. मात्र थेट ऊन यामुळे फारसे अडत नाही. त्यासाठी 'लो-ई' हा धातूचा अतिशय पातळ थर लागतो. काचेतून उन्हाची किती उष्णता आत येते, ते 'एसएचजीसी' हा आकडा सांगतो. साध्या काचेचा तो 0.8 च्या आसपास असतो.

हवामानानुसार निवड
- कडोदरा, सुरत, मुंबई : एसएचजीसी 0.3 च्या आसपास घ्यावा. थर बाहेरच्या काचेच्या पोकळीकडील बाजूस असावा.
- खानदेश : काच तशीच चालेल. उन्हाळ्यात खिडक्या दिवसा बंद, रात्री उघड्या ठेवाव्यात.
- थंड देश : तिथे उन्हाची ऊब हवी असते, म्हणून एसएचजीसी जास्त हवा. थर आतल्या काचेच्या पोकळीकडील बाजूस असतो.

आधी कोणती खिडकी?
कडोदरा सुमारे 21 अंश उत्तर अक्षांशावर आहे. उन्हाळ्यात दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीला छज्जा पुरतो. संध्याकाळचे तिरपे ऊन मात्र छज्ज्याखालून आत येते. म्हणून पैसे मोजकेच असतील तर पश्चिमेची खिडकी आधी करावी.

बसवताना
- सीलबंद काच नंतर कापता येत नाही. मापे चौकट बसवल्यावरच घ्यावीत.
- काच रबरी ठोकळ्यांवर टेकवावी. चौकटीच्या तळाशी पाणी निघायला छिद्रे ठेवावीत, नाहीतर पावसाळ्यात साचलेले पाणी सील खराब करते.
- काचेसमोर मोबाईलचा दिवा धरावा. चार प्रतिबिंबे दिसतात. ज्याचा रंग वेगळा, तिथे थर आहे. चौकटीत बसवण्याआधीच हे पाहावे.
- दोन काचांच्या आत बाष्प दिसले तर सील गेले असे समजावे. हमी लेखी घ्यावी.

एसी नसेल तर
खिडक्या दिवसभर उघड्या राहणाऱ्या घरात दुहेरी काचेचा उपयोग फार थोडा. तिथे छज्जा, बाहेरून लावलेला बांबूचा पडदा आणि समोरासमोर खिडक्या हाच स्वस्त आणि खरा उपाय.