लावणी किती खोल?

मुळशी सत्याग्रह म्हटलं की १६ एप्रिल १९२१ ची रामनवमी, सेनापती बापट आणि टाटांचं धरण आठवतं. घोषणा होती 'जान किंवा जमीन'. पण जमीन म्हणजे नेमकं काय? उत्तर शोधायला आधी भाताच्या खाचरात उतरावं लागतं.

राब भाजून वाढवलेलं रोप चिखलात जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर, म्हणजे बोटाच्या एका पेराएवढंच खोल लावायचं. कारण फुटवे रोपाच्या बुडातून येतात. बूड खोल गाडलं गेलं की तिथे हवा पोचत नाही. फुटवे उशिरा आणि कमी येतात, लोंब्याही कमी. पुढे डॉ. नारायण सावंतांच्या चारसूत्री पद्धतीतही रोप वरच राहिलं. ७ ते १० सेंटिमीटर खोल गेली ती खताची ब्रिकेट.

वर मऊ चिखल, खाली पाणी धरून ठेवणारा घट्ट थर, भोवती बांध: दरवर्षीच्या चिखलणीतून असं खाचर घडायला पिढ्या जातात. भरपाईच्या हिशेबात एकर येतात, ही मेहनत येत नाही. धरणाखाली काय गेलं ते समजायचं तर एकरांबरोबर बोटाचं हे पेरही मोजायला हवं.